आधी विचारू या



पेंटेकॉस्टचा सण जवळ आला की आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांसमोर जगाचा नकाशा पसरतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात, ऐंशीहून अधिक बेटांचा व्हानुआतू नावाचा लहानसा देश आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाचे नाव एस्पिरितु सांतो, म्हणजे पवित्र आत्मा. १६०६ साली स्पेनच्या राजाची जहाजे तिथे पोहोचली, तेव्हापासूनचे हे नाव. त्याच्या पूर्वेच्या एका बेटाचे नाव पेंटेकॉस्ट. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल याला ते १७६८ साली नेमके त्या सणाच्या दिवशी दिसले. आपला सण नकाशावर सापडला की मुले खूश होतात.

मग आम्ही त्यांना पुढची गोष्ट सांगतो. ६ एप्रिल २०२० हा पवित्र आठवड्यातला सोमवार होता. आपण सारे टाळेबंदीत घरात बसून होतो. झावळ्यांचा रविवार प्रथमच चर्चविना गेला होता. त्या दिवशी हॅरॉल्ड नावाचे चक्रीवादळ एस्पिरितु सांतोवर आदळले आणि पुढे पेंटेकॉस्ट बेटावरून गेले. घरे पडली, शाळा पडल्या, चर्चची छपरे उडाली, मळे आडवे झाले. पवित्र आत्म्याच्या नावाच्या बेटांना पवित्र आठवड्यातच वादळाने गाठावे, याचा अर्थ काय, असे मुले विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही आणि ते आहे असा आव आम्ही आणत नाही. पण त्या लोकांनी घरे पुन्हा कशी उभी केली, यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विशेषतः आपल्याला, कारण मदत करायला आपण नेहमी पुढे असतो.

थोडे मागे जाऊ. १३ मार्च २०१५ रोजी पाम नावाचे वादळ व्हानुआतूवर आले. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात होता. देशाच्या निम्म्याहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल हे स्वतः अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. योगायोग असा की त्या वेळी ते जपानमधल्या सेंडाई शहरात, आपत्तींचा धोका कमी कसा करावा याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेला गेले होते. तिथूनच त्यांनी भरल्या गळ्याने जगाकडे मदत मागितली.

जगाने मदत पाठवली. पण कुणी न मागितलेल्या वस्तूंचे कंटेनरही बंदरात येऊन पडले आणि महिनोन्महिने तसेच राहिले. आतल्या खाण्याच्या पदार्थांची मुदत संपली. जागा अडली आणि साठवणुकीचे भाडे चढत गेले. पुढच्या वर्षी, २० फेब्रुवारी २०१६ रोजी, शेजारच्या फिजीवर विन्स्टन वादळ आले. त्यात ४४ माणसे गेली. तिथेही न मागितलेल्या मालाचे शंभराहून अधिक कंटेनर पोहोचले. त्यांत उंच टाचांचे बूट होते, बायकांच्या पर्स होत्या, जाडजूड ब्लँकेटे होती. उष्ण कटिबंधातल्या, छप्पर उडालेल्या गावांसाठी!

हे वाचून हसू येते. आम्हीही हसलो असतो, पण आम्हाला ऑगस्ट २०१९ आठवला.

त्या पावसाळ्यात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांनी आपल्या बेळगाव जिल्ह्यात काय केले, ते आपण विसरलेलो नाही. आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर आवाहन झाले आणि तीन दिवसांत सभागृह जुन्या कपड्यांच्या गोण्यांनी भरले. आम्ही टेम्पो ठरवला आणि नदीकाठच्या एका गावी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात गोण्या उतरवल्या, फोटो काढले. एक आजी बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "कापडाच्या तीन गाड्या काल येऊन गेल्या, बाळांनो. घरात गुडघाभर चिखल हाय. खोरं-बुट्टी आणलायसा काय?"

आमच्याजवळ एकही खोरे नव्हते. ते आणावे असे आम्हाला सुचलेच नव्हते, कारण त्यांना काय हवे ते आम्ही विचारलेच नव्हते. आपल्या कपाटात जे जास्त झाले होते, तेच त्यांना हवे असणार असे आम्ही धरून चाललो. परत येताना टेम्पोत कुणी फारसे बोलले नाही.

येरीहोच्या वाटेवरचा बार्तिमय आपल्याला ठाऊक आहे. तो आंधळा होता आणि मोठमोठ्याने हाक मारत होता. त्याला काय हवे हे सगळ्या गर्दीला दिसत होते आणि प्रभूला तर अधिकच. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावले आणि आधी विचारले की मी तुझ्यासाठी काय करू. दृष्टी त्यानंतर दिली. त्या एका प्रश्नाने रस्त्याकडेचा भिकारी पुन्हा माणूस झाला, त्याच्या शब्दाला किंमत आली. हा प्रश्न आपण गाळतो आणि एकदम चमत्कारावर जातो. आमच्या मते मदतकार्यातली आपली सर्वांत मोठी चूक हीच आहे.

कोणी म्हणेल, संकटात विचारायला सवड कुठे असते? म्हण आहेच, धर्माची गाय आणि दात का गं नाय. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते हे आम्हालाही मान्य आहे. पाणी, अन्न, औषध आणि डोक्यावर ताडपत्री लागणारच, तिथे थांबू नये. पण घर उभे करणे हे महिन्यांचे, वर्षांचे काम असते. त्यात विचारायला भरपूर वेळ असतो. नसते ती ऐकून घेण्याची तयारी.

आणि बेटांवरच्या त्या माणसांजवळ सांगण्यासारखे काही कमी नाही. व्हानुआतूच्या टान्ना बेटावर जुन्या पद्धतीची बसकी घरे असतात. त्यांचे गवती छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरते आणि सांगाडा वेलींनी बांधलेला असतो. पाम वादळात पत्रे पात्यांसारखे उडत होते, तेव्हा अनेक कुटुंबांनी या घरांचा आसरा घेतला. वादळाची चाहूल लागली की तिथले शेतकरी कसाव्याचे दांडे आणि केळीची पाने आधीच छाटतात. वाऱ्याला धरायला काही उरत नाही, म्हणून मुळे उपटत नाहीत आणि जमिनीतले कंद वाचतात. फणसासारखे दिसणारे नीरफणस खड्ड्यात आंबवून साठवण्याची त्यांची रीतही जुनी आहे. पामच्या आधी हवामान खात्याचे इशारे मोबाईलवर संदेशांनी पोहोचत होते. एवढ्या प्रचंड वादळात बळींची संख्या वीसच्या आत राहिली, त्यामागे खात्याचा इशारा आणि वाडवडिलांची शहाणीव दोन्ही होती.

२०२० मध्ये तर बाहेरून कुणी येऊच शकत नव्हते. करोनामुळे व्हानुआतूने आपल्या सीमा बंद केल्या होत्या. परदेशी स्वयंसेवकांना प्रवेश नव्हता आणि आलेला मालही काही दिवस अलग ठेवूनच पुढे जाई. मदतीला उशीर झाला आणि लोकांचे हाल झाले, हे नाकारता येणार नाही. पण पडलेली घरे उचलायला गावकरी, मंडळ्या आणि तिथल्याच संस्था पुढे झाल्या. कमी फटका बसलेल्या बेटांवरून कंदमुळे आणि भाज्या जहाजाने आल्या. ज्यांना जग केवळ मदत घेणारे समजत होते, ते मदत देणारेही होते.

घर खडकावर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगून आम्ही मोकळे होतो. आता थोडे पुढे जातो. त्या गोष्टीत वादळ दोन्ही घरांवर येते, श्रद्धावंताच्याही. आणि शहाणा माणूस पाया घालतो तो वादळाच्या आधी. छपराचे वासे भिंतीला पट्टीने आवळणे, खांबांना तिरका आधार देणे, पत्र्याला नीट खिळे मारणे, हेही त्या शहाणपणातच येते. प्रार्थना आणि पट्टी यांत भांडण नाही.

म्हणून आमच्या धर्मग्रामात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत आणि आपल्यालाही त्या सुचवतो. एक, पूर किंवा वादळाची बातमी आली की गोण्या भरण्याआधी त्या भागातल्या धर्मगुरूंना, पंचायतीला किंवा बचत गटातल्या बहिणींना फोन करायचा आणि त्यांनी सांगितलेली यादी लिहून घ्यायची. दोन, जमेल तिथे वस्तूंऐवजी पैसे द्यायचे. म्हणजे ते जवळच्याच बाजारात खर्च होतात आणि तिथला दुकानदारही पुन्हा उभा राहतो. तीन, दर पावसाळ्याआधी आपल्याच वस्तीतली कच्ची छपरे पाहून घ्यायची. खोरी, घमेली, दोर आणि ताडपत्र्या आता आमच्या सभागृहाच्या माळ्यावर आहेत. त्या आजींचे हे ऋण.

व्हानुआतूच्या राजचिन्हावर बिस्लामा भाषेत एक ब्रीद लिहिलेले आहे: 'लाँग गॉड युमी स्टानॅप', म्हणजे देवामध्ये आपण उभे आहोत. त्यातला 'युमी' हा शब्द आम्हाला फार आवडतो. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीसारखेच त्या भाषेत दोन आहेत: समोरच्याला वगळून बोलायचे तर 'मिफाला', त्याला सामावून घ्यायचे तर 'युमी'. टेम्पो घेऊन गेलो तेव्हा आम्ही 'आम्ही' होतो आणि त्या आजी 'त्या' होत्या. त्यांनी खोरे मागितले तेव्हा खरे तर त्यांनी आम्हाला 'आपण' होण्याची संधी दिली होती.

हे प्रभो, ज्यांची छपरे उडाली त्यांच्यासोबत आम्हाला उभे कर. देण्याआधी विचारण्याची नम्रता दे आणि उत्तर ऐकण्याचा धीर दे. आमेन.