दासोपंतांची पासोडी आणि परक्या भिंती

अंबाजोगाईच्या दासोपंतांना (१५५१–१६१५) रोज एका ढब्बूची शाई लागे, असे सांगतात. आख्यायिका म्हणून ती सोडून दिली, तरी या सत्पुरुषाच्या लेखनाचा विस्तार थक्क करणारा आहे. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. पंचीकरणासारखा गहन वेदान्तविषय तर त्यांनी चक्क एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहून काढला. चारशे वर्षे उलटली, निजामाची राजवट आली आणि गेली, गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि पुन्हा अंबाजोगाई झाले. पासोडी मात्र गावातच जपली गेली. शाई पंतांची, कापड पंतांचे, सांभाळणारेही पंतांच्या परंपरेतलेच. मधे कोणी तिसरा नव्हता.

आज त्याच बीड जिल्ह्यात लिहिणाऱ्यांची संख्या पंतांच्या काळापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे. गेवराईचा एखादा निवृत्त शिक्षक गोदाकाठच्या जुन्या मंदिरांची छायाचित्रे माहितीसह प्रसिद्ध करतो. धारूरचा तरुण किल्ल्याच्या तटबंदीची पडझड नोंदवतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आजोबांच्या आठवणी नातू लिहून काढतो. आणि ज्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षक म्हणून काम केले, तिथे अशा आठवणी घरोघर आहेत. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, योगेश्वरी मंदिर, हत्तीखान्याची लेणी यांविषयी कोकणातले आणि पुण्यातले कुलोपासक विचारणा करतात, त्यांना उत्तरे देणारेही स्थानिकच. हे सारे लेखन मोलाचे आहे. प्रश्न इतकाच, की ते लिहिले जाते कुठे? बहुतेक सारे फेसबुकच्या भिंतीवर नाहीतर व्हॉट्सॲपच्या गटात. म्हणजे परक्याच्या जागेत, परक्याच्या मर्जीवर.

त्या मर्जीचा भरवसा किती, हे आपण पाहिलेले आहे. जिओसिटीज २००९ साली मिटली. ज्या ऑर्कुटवर मराठी तरुणांनी गडकोटांपासून कवितेपर्यंत समुदाय उभे केले, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेले, याहूचे गट २०२० मध्ये. मुदतीत उचलून ठेवले ते वाचले, बाकीचे गेले. कुलूप लावणाऱ्यावर कायद्याने दोष देता येत नाही, कारण जागा त्याचीच होती.

यावर ‘स्वदेशी माध्यम उभे करा’ हे उत्तर आपल्याकडे तत्परतेने दिले जाते. भावना योग्य आहे, परंतु उत्तर अर्धेच आहे. ‘कू’ हे भारतीय माध्यम २०२० साली निघाले, मराठीसह अनेक भारतीय भाषांना त्याने मानाचे स्थान दिले, मंत्र्यांनी आणि खात्यांनी तिथे खाती उघडली. आणि जुलै २०२४ मध्ये तेही बंद झाले. तिथले मराठी लेखन ऑर्कुटवरच्या लेखनाच्याच वाटेने गेले. घरमालक परदेशी असो वा आपला, भाडेकरूची अवस्था एकच. स्वदेशीच्या विचारात ‘स्व’ हा शब्द आधी येतो, हे इथे विसरले जाते.

परावलंबनाची किंमत केवळ जुन्या लेखनापुरती नाही. २५ जून २०२१ रोजी देशाचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांचे ट्विटर खाते सुमारे तासभर रोखले गेले, कारण दाखवले ते अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्याचे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या ‘नायरा एनर्जी’ची मायक्रोसॉफ्ट सेवा खंडित झाली. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर ती पूर्ववत झाली. मंत्र्यांची आणि तेल कंपनीची ही कथा, तिथे केजच्या शिक्षकाचे कोण ऐकणार? आणि ही तक्रार एकाच विचाराच्या लोकांची आहे, असेही नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रुष्ट होऊन ‘मॅस्टोडॉन’कडे वळलेले अनेक भारतीय आपल्या अगदी विरुद्ध टोकाचे होते.

त्या मॅस्टोडॉनची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. त्याला एकच मालक नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेली हजारो केंद्रे ‘ॲक्टिव्हिटीपब’ या समान नियमाने परस्परांशी बोलतात. आंतरजालाचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. टपालासारखेच हे: पत्र अंबाजोगाईच्या पेटीत टाकले तरी ते रत्नागिरीत पोचते. याच नियमाचे जोडसाधन वर्डप्रेसवरच्या वैयक्तिक संकेतस्थळालाही लावता येते. मग लेख राहतो आपल्या जागेत आणि इतर केंद्रांवरचे वाचक तिथूनच त्याचे अनुसरण करतात, प्रतिसादही देतात. ज्यांना एवढेही नको, त्यांच्यासाठी नव्या लेखाची वर्दी देणारे जुने, साधे तंत्र आहे. त्याचे नाव योगायोगाने आरएसएस असे आहे. स्वयंसेवकांना ते लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये!

यासाठी स्वतःचे नाव नोंदवावे लागते. डॉट इन आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही आहे. नाव आणि जागा यांचे वर्षाचे भाडे मध्यमवर्गीय घराला न पेलण्यासारखे नाही. फेसबुक, व्हॉट्सॲप सोडण्याचीही गरज नाही; लेख आधी आपल्या घरी ठेवावा आणि बाजारात त्याचा दुवा पाठवावा. बाजार उठला तरी घर शाबूत राहते.

अर्थात घर म्हटले की डागडुजी आली. नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. नूतनीकरण चुकले की तेही जाते. मॅस्टोडॉनची लहान केंद्रेही चालकाचा उत्साह किंवा पैसा संपला की बंद पडतात. लेखनाची प्रत दुसऱ्या चकतीवर काढून ठेवण्याचा कंटाळा तर सार्वत्रिक आहे. आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, लिहिणारा गेल्यावर काय? दासोपंतांना वंशज आणि शिष्य होते. संकेतस्थळाचा परवलीचा शब्द मुलालाही ठाऊक नसतो.

इथे आपल्या परंपरेकडे पुन्हा पाहावे लागते. ज्ञानेश्वरी एका पेटीत ठेवून टिकली नाही, ती घरोघरी उतरवून घेतली गेली म्हणून टिकली. त्या प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हा शेजारच्या पैठणला एकनाथांनी अनेक पोथ्या समोर ठेवून १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती अनेक होत्या म्हणूनच ते शक्य झाले. समर्थांचे वाङ्मयही मठामठांतल्या बाडांतून राहिले. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती बाडे आयुष्यभर फिरून गोळा केली.

बीड जिल्ह्यात हे काम तालुक्याच्या वाचनालयांना आणि शाळांना करता येईल. गावातल्या लिहित्या माणसांच्या संकेतस्थळांची नोंदवही ठेवावी, वर्षातून एकदा प्रत काढून घ्यावी, नूतनीकरणाच्या तारखांची आठवण द्यावी. संगणक जाणणारे दोन विद्यार्थी आणि एक चिकाटीचा ग्रंथपाल एवढे मनुष्यबळ त्याला पुरते. आरंभ मुक्तिसंग्रामाच्या आठवणींपासून व्हावा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जे वीस वर्षांचे होते, त्यांच्यापैकी फार थोडे आता सांगायला उरले आहेत, आणि त्यांचे सांगणे या घटकेला नातवाच्या भ्रमणध्वनीत पडून आहे.