साकव म्हणजे उपकार नव्हे!

“एवढ्याशा घरांसाठी पूल?” पेण-रोह्याच्या डोंगरातल्या एका कातकरी वाडीसाठी साकव मागायला गेलो, तेव्हा साहेबांनी आम्हाला हाच प्रश्न विचारला. वर म्हणाले, पाहणी केली तेव्हा ओढा कोरडा होता आणि वाडीत माणसेही फारशी नव्हती.

बरोबर आहे. पाहणी उन्हाळ्यात झाली! दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. माणसे आणि पाणी वाडीत एकाच वेळी येतात. मग चार महिने शाळा, रेशन, दवाखाना सगळे ओढ्यापलीकडे. बाळंतपणाला अडलेल्या बाईला झोळीतून पाण्यापार नेणाऱ्यांना विचारा, पूल किती घरांसाठी लागतो!

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच जिल्ह्यात, महाडजवळ, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरूही झाला. व्हायलाच हवा होता. पण महामार्गाला दिवस मोजून पूल मिळतो आणि वाडीला पिढ्या मोजूनही साकव मिळत नाही, याला निधीची टंचाई म्हणत नाहीत. ही जातीची उतरंडच आहे.

तंत्र अवघड आहे म्हणावे, तर तेही नाही. कर्नाटकातल्या सुळ्याचे अभियंते गिरीश भारद्वाज यांनी दुर्गम गावांसाठी शंभराहून अधिक झुलते पादचारी पूल उभारले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही काठांवर पक्का आधार, मध्ये पोलादी दोर, चालायला फळ्या, बाजूला कठडा. पात्रात खांबच नाही, म्हणून पुरात वाहून आलेले ओंडके अडकत नाहीत. पाणी कुठवर चढते ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. पूल त्या खुणेच्या वर घ्या.

मात्र ‘साधा पूल’ या नावाखाली कच्चे काम आम्ही खपवून घेणार नाही. आणि श्रमदानाचा उपदेशही नको. शहराला उड्डाणपूल सरकारी तिजोरीतून मिळतो, मग वाडीनेच घाम का गाळायचा?

१९८६ साली उमेद राम शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोंगरात राहणाऱ्यांसाठी रस्ता हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो प्रश्न हिमाचलमधल्या दलित गावकऱ्यांनी पत्र लिहून न्यायालयात नेला होता.

मित्रांनो, थोडे आपल्याबद्दलही बोलू. जयंतीच्या कमानीसाठी आपण वर्गणी काढतो. कातकऱ्यांचा साकव मात्र ‘आदिवासींचा प्रश्न’ म्हणून सोडून देतो. १९२७ साली बाबासाहेब याच जिल्ह्यात पाण्यापर्यंत चालत गेले, ते माणूस म्हणून जगण्याच्या हक्कासाठी. आज त्याच हक्कासाठी पाण्यापलीकडे जायचे आहे. येत्या जुलैत वाडीवर चला, पुराची खूण मोजा, फोटो काढा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि अधिकाऱ्यांना भर पावसात पाहणीला बोलवा.

ओढा कोरडा आहे म्हणायची सोय त्यांना ठेवू नका.

जय भीम!