गाडीला उचक्या लागतात तेव्हा

मुलांनो, आज आधी एक प्रश्न. स्पीडब्रेकरवरून गेल्यावर गाडी किती वेळा वर-खाली व्हायला हवी? हाच प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला. कुणी म्हणालं एकदा, कुणी म्हणालं दोनदा. वडापच्या जीपने रोज शाळेला येणारा एक पठ्ठ्या मात्र उठून म्हणाला, "बाई, पुढचा स्पीडब्रेकर येईपर्यंत!" सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. का ते सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले होते. माहेर जुन्नर तालुक्यातलं. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी टोमॅटोची तोडणी चालू असते आणि माल जातो नारायणगावच्या बाजारात. माझ्या दादाचा पिकअप आहे. स्वतःचा माल तर नेतोच, शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही नेतो. त्या दिवशी मागे साठ क्रेट होते. एका क्रेटमध्ये वीस किलो. करा गुणाकार. बाराशे किलो! पुढे दादा, मी आणि सहावीतली माझी भाची. (भावाची मुलगी ती भाची, असं आमच्याकडे म्हणतात, तुमच्याकडे पुतणी म्हणत असतील.)

गाडी निघाली आणि तिला जणू उचक्या लागल्या. एका खड्ड्यात चाक गेलं की तीन-चार वेळा हेलकावा. मी म्हटलं, "दादा, फारच उडतेय रे गाडी." तो म्हणाला, "रस्ता बघ ना कसा झालाय! तुला शहरातल्या रस्त्याची सवय." मी गप्प बसले.

पुढे ओढ्याजवळ एक वळण आहे. तिथे रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडल्यात. वळणाच्या पलीकडे सायकलवर एक मुलगा होता, तुमच्याच वयाचा, हँडलला दुधाची किटली अडकवलेली. दादाने वेळेवर ब्रेक दाबला. पण गाडी थांबायचं सोडून थडथड-थडथड करत पुढेच सरकली, वर मागून एका बाजूला घसरली. थांबली तेव्हा बंपर आणि सायकलचं मागचं चाक यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. तो मुलगा वळून आमच्याकडे बघतच राहिला. दादाचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते.

बाजारात माल उतरवून आम्ही तसेच गॅरेजला गेलो. दादा म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक उतरलेत बघा." मिस्त्रीकाकांनी चाक काढून पाहिलं. ब्रेक चांगले होते! मग त्यांनी टायरवरून तळहात फिरवला आणि भाचीला म्हणाले, "पोरी, तू फिरव बघू हात." टायर सगळीकडे सारखा झिजला नव्हता. मध्ये मध्ये झिजून खळगे पडले होते. काका म्हणाले, "हा टायर रस्त्यावर चालत नाही, उड्या मारतोय. जिथे जिथे आपटतो तिथे झिजतो. दादा, तुमचे शॉकअप गेलेत."

आता हा शॉकअप म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पूर्ण नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषून घेणारा. पण गंमत अशी, की पहिला धक्का तो घेतच नाही! तो घेतात स्प्रिंगा. पिकअपला मागे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. गाडीचं आणि मालाचं ओझं त्या पाट्यांवर. खड्डा आला की पाटे दबतात. पण स्प्रिंग जे घेते ते परत देते. दबली की उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. तिला आवरायला कुणीतरी हवं. ते काम शॉकअपचं.

शॉकअप दिसतो सायकलच्या पंपासारखा. नळीत तेल भरलेलं असतं आणि दांड्याच्या टोकाला दट्ट्या. दट्ट्याला बारीक बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक वर-खाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. तेल काही पटकन जात नाही, अडून बसतं. त्या ओढाताणीत उसळीचा जोर संपतो आणि त्याची होते उष्णता. होय, खरंच! खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप गरम लागतो. गेलेला मात्र गारच राहतो, कारण त्याने काही कामच केलेलं नसतं. मिस्त्रीकाकांनी चारही शॉकअपना हात लावून पाहिला. मागचे दोन्ही गार! (तुम्ही गाडीखाली हात घालायचा नाही बरं का. तिथे शेजारीच सायलेन्सरही असतो.)

घरी करून बघा. औषधाच्या दुकानातून बिनसुईची नवी सिरिंज आणा. आधी पाणी भरून दाबा, मग गोडंतेल भरून दाबा. हळू दाबली तर तेल मुकाट्याने येतं, जोरात दाबली तर अंगठा दुखतो. शॉकअपही असाच: हळू हालचालीला वाट देतो, वेगाच्या हालचालीला अडवतो.

आता ब्रेकचं कोडं सोडवू. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवतं ते टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण. टायर उडून हवेत असेल तर तो धरणार कशाला? हवेला? वळ्यांच्या रस्त्यावर आमचं चाक अर्धा वेळ हवेतच होतं, म्हणून ती थडथड. मला इतके दिवस वाटायचं, शॉकअप म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीची सोय. नाही हो. त्याचं मोठं काम म्हणजे टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं.

दादा हुशार माणूस, गाडी जपणारा. मग त्याला हे कळलं कसं नाही? माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला फळा अंधुक दिसायचा. सगळ्यांनाच तसा दिसतो असं तिला वाटायचं, म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. शॉकअप एका दिवशी जात नाही. रोज थोडं थोडं तेल पाझरतं, रोज थोडी जास्त उसळी, आणि माणसाला तिची सवय होते. गेल्या वर्षीपासून खालच्या क्रेटमधले टोमॅटो फुटत होते, तेव्हाही दादाने रस्त्यालाच शिव्या घातल्या होत्या.

मिस्त्रीकाकांनी खाली वाकून दाखवलं. मागच्या डाव्या शॉकअपवर तेल ओघळलं होतं आणि त्यावर मातीचा थर बसला होता. दादा म्हणाला, "मग हा एकच बदला की." काका ऐकेनात. "एक पाय नवा, एक पाय म्हातारा. चालाल सरळ? जोडीच बदलायची." पैशांवरून बरीच घासाघीस झाली. टोमॅटोला त्या दिवशी भाव नव्हता. शेवटी ठरलं, मागची जोडी आज आणि पुढची जोडी पुढच्या पट्टीचे पैसे आले की. तोवर गाडी हळू चालवायची.

काम बघायला आम्ही लांब बाकड्यावर बसलो. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅकने गाडी उचलली आणि लगेच खाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर काका गाडीखाली जात नाहीत. नट इतके गंजलेले, की डिझेल टाकून तासभर वाट पाहिली. तीन सुटले, चौथा हटून बसला. तो करवतीने कापावा लागला.

जुना शॉकअप निघाल्यावर काकांनी तो भाचीच्या हातात दिला. दाबला तर सर्रकन आत, आतून गुडगुड आवाज. नवा दाबायला ती दोन्ही हातांनी लोंबकळली तेव्हा कुठे तो सावकाश आत गेला. बसवण्याआधी काकांनी नवा शॉकअप उभा धरून चार-पाचदा आत-बाहेर केला. आडवा पडून राहिल्याने तेलात शिरलेली हवा त्याने वर निघून जाते. दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. तिथले नट आधी सैलच ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळले, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतं.

दादा मागे जाऊन बघतो तर गाडीची उंची होती तेवढीच! "मिस्त्री, गाडी उचलली नाही की." काका हसले. "ओझं पाटे उचलतात दादा. हा नुसता लगाम आहे."

तुमच्यापैकी काहींच्या घरी छोटी मोटार असेल. तिला पुढे बहुधा स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, दोन्ही एकात. ही रचना अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात केली. आपल्या मारुती ८०० लाही पुढे तीच होती. पण स्ट्रटमधली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. चुकीने सुटली तर ती गोळीसारखी उडते. ते काम शिकलेल्या माणसाने, स्प्रिंग दाबून धरायच्या खास अवजारानेच करायचं, आणि तेव्हा मुलांनी जवळ थांबायचं नाही.

परत येताना त्याच ओढ्याच्या वळणावर दादाने गाडी मुद्दाम हळू केली. मागून थडथड आली नाही. पुढून मात्र अजून येत होती. भाची म्हणाली, "पप्पा, पुढची जोडी कधी?" पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "आत्या, बसवली!"

तो जुना शॉकअप मी शाळेत आणलाय. मधल्या सुट्टीत पोरं रांग लावून तो दाबतात. वडापवाल्या त्या पठ्ठ्याने तो दोनदा दाबला, काहीतरी मनात ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर हिशेब घेऊन आला: आमच्या फाट्यापासून शाळेपर्यंत पाच स्पीडब्रेकर, प्रत्येकावर हेलकावे चार, चार, पाच, चार, पाच. चांगली गाडी खाली जाते, वर येते आणि स्थिर होते. ते पान मी त्याच्या आईबाबांना दाखवलं. ड्रायव्हरशी बोलायला दोघेही येत्या सोमवारी येणार आहेत.

तुम्हीही तुमच्या गाडीचे हेलकावे मोजा. आकडा मोठा आला तर घरी मोठ्यांना सांगा. भांडायला तुम्ही जाऊ नका.