गोदीतून हद्दपार झालेली युनियन

‘दीवार’ हा हिंदी चित्रपट जानेवारी १९७५ मध्ये प्रदर्शित झाला. यश चोप्रा यांचे दिग्दर्शन, सलीम-जावेद यांची पटकथा आणि अमिताभ बच्चन यांची भूमिका यांमुळे त्याला जी लोकप्रियता लाभली, ती अर्धशतक लोटले तरी ओसरलेली नाही. लोकप्रियतेबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती पुरोगामी म्हणवणाऱ्या समीक्षकांनी त्याला बहाल केलेल्या पदवीबद्दल. महागाईने गांजलेल्या आणि रेल्वे संपाच्या दडपशाहीने चिडलेल्या कष्टकऱ्यांच्या संतापाला या चित्रपटाने वाचा फोडली, व्यवस्थेविरुद्धच्या बंडाचे हे चित्र आहे, असे पन्नास वर्षे सांगितले जात आहे. हे विधान एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी नायकाचे टाळ्या घेणारे संवाद ऐकून भागणार नाही. गोष्ट कोणत्या क्रमाने सांगितली आहे आणि कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे, हे पाहावे लागेल.

गोष्टीचा आरंभ एका संपाने होतो. आनंदबाबू हा कामगार पुढारी प्रामाणिक आहे आणि कामगारांचा त्याच्यावर विश्वास आहे. मालक त्याच्या बायकोमुलांना पळवून नेतो आणि त्यांच्या जिवाची भीती घालून त्याच्याकडून मालकधार्जिण्या करारावर सही करून घेतो. कामगारांना त्यामागचे कारण ठाऊक नसते. ते पुढाऱ्याला गद्दार ठरवतात आणि त्याच्या कोवळ्या मुलाच्या हातावर ‘बाप चोर’ अशा अर्थाची अक्षरे गोंदवतात. आनंदबाबू परागंदा होतो. आई दोन मुलांना घेऊन मुंबईची वाट धरते.

येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. या अनर्थाचा कर्ता कोण? अर्थातच मालक. त्या मालकाचे पुढे काय होते? काहीही होत नाही. आरंभीच तो गोष्टीतून निघून जातो आणि त्याच्यावर कोणी दावा सांगत नाही. मोठा झालेला विजय गोदीतल्या खंडणीखोरांशी झुंजतो, दावर या तस्कराच्या टोळीत शिरतो, प्रतिस्पर्धी सामंतला ठार करतो. परंतु ज्याने त्याच्या बापाचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्याचा पत्ता शोधावा असे त्याच्या मनातही येत नाही. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त बिरजू आईच्या गोळीने मरतो खरा, पण त्याआधी त्याने सावकार सुखीलालाचा हिशेब चुकता केलेला असतो. ‘दीवार’ मध्ये मालकाचा हिशेब कोणाच्याही वहीत लिहिलेला नाही. त्याचा गुन्हा मात्र मुलाच्या हातावर कायमचा राहतो, आणि तोही बापाच्या नावाने. ज्या चित्रपटात मालक निर्दोष सुटतो आणि कलंक कामगारांच्या हातून लागतो, त्याला कामगारांच्या संतापाचा चित्रपट म्हणणे हा अजब न्याय होय.

पटकथेची खरी करामत येथेच आहे. मालक विरुद्ध कामगार या संघर्षाने गोष्टीला गती द्यायची आणि लगेच तो संघर्ष भाऊ विरुद्ध भाऊ या कौटुंबिक कलहात बदलून टाकायचा, अशी तिची बांधणी आहे. एक भाऊ तस्कर होतो, दुसरा पोलीस अधिकारी. ज्या पुलाखाली लहानपणी उघड्यावर झोपून रात्री काढल्या, तेथेच दोघे मोठेपणी समोरासमोर येतात. विजय आपली मालमत्ता मोजून दाखवतो. रवी सांगतो की आई आपल्याकडे आहे. प्रसंग प्रभावी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चौकटीत दोघांखेरीज तिसऱ्याला जागा नाही. पैसा की आई, टोळी की पोलीस, एवढेच पर्याय शिल्लक राहतात. ज्या प्रश्नावरून संप झाला होता, त्याचा उच्चारही तेथे होत नाही.

आता गोदीकडे वळू या. हमाल मजुरी घेतात आणि त्यातून गुंडांना हप्ता देतात. एक तरुण हमाल हप्ता नाकारतो आणि प्राणाला मुकतो. वृद्ध रहीमचाचाशी बोलताना विजय म्हणतो की पंचवीस वर्षांत जे घडले नाही ते आता घडेल. पुढच्या हप्त्याला आणखी एक हमाल नकार देणार आहे. ‘आणखी एक’ हे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. ‘सगळे’ असे तो म्हणत नाही, आणि पटकथेलाही तसे म्हणायचे नाही.

ही पंचवीस वर्षे मुंबईच्या गोदीत खरोखरच रिकामी गेली होती काय? इतिहास वेगळे सांगतो. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. त्याखाली १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ आले, नोंदणी झाली, आणि मुकादमाच्या मर्जीवर रोज सकाळी काम मिळण्या-न मिळण्याच्या पद्धतीला लगाम बसला. हे कोणा एकाच्या ठोशाने साधले नाही. त्यामागे प्लासिड डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आणि हजारो अनाम कामगारांनी उभारलेली संघटना होती. गोदीलगतच्या रस्त्याला आजही डिमेलो यांचेच नाव आहे. नोंदणीबाहेरच्या अंगमेहनती कामगारांची दैना संपली नव्हती, हेही खरे. पण त्यांच्यासाठीही अण्णासाहेब पाटील यांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. चित्रपट आला तेव्हा त्या कायद्याला सहा वर्षे होत आली होती. ज्या शहरात हमालांनी संघटनेच्या बळावर कायदा करून घेतला, त्याच शहरातले हमाल पडद्यावर मात्र मान खाली घालून एका तारणहाराची वाट पाहत उभे आहेत!

तो तारणहार कसा चितारला आहे, हेही पाहावे. गुंड विजयला गोदीभर शोधत असतात आणि तो त्यांच्याच गोदामात पाय पसरून वाट पाहत बसलेला असतो. तो उठतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली गुंडांच्या म्होरक्याकडे फेकतो. प्रेक्षागृहात शिट्ट्या होतात त्या याच क्षणी. पण त्या कुलपाने आणखी एक गोष्ट घडते: कामगार दाराबाहेर राहतात. लढा आत चालतो आणि ज्यांचा लढा, ते बाहेर ताटकळत उभे असतात. कॅमेराही नायकासोबत आतच राहतो. निळा सदरा, खालून मारलेली गाठ, खांद्यावर दोर आणि दंडावर ७८६ क्रमांकाचा बिल्ला, ही सारी कामगाराची खूण एका देहावर गोळा होते आणि बाकीचे कामगार पार्श्वभूमीत विरून जातात. लवकरच तो सदराही उतरतो, अंगावर सूट चढतो, गोदीची जागा आलिशान हॉटेल घेते. हमालांचे काम संपलेले असते. नायकाला वर चढण्यासाठी ते पायरी म्हणून हवे होते, एवढेच.

वर चढल्यावर नायक काय करतो? ज्या इमारतीच्या बांधकामावर आईने विटा वाहिल्या, ती तो वाटेल ती किंमत मोजून विकत घेतो. पुत्रप्रेम म्हणून हे हृद्य खरे. परंतु त्या बांधकामावर इतर बायकाही विटा वाहत होत्या. त्यांच्या मुलांनी काय विकत घ्यावे?

दुसऱ्या भावाची गोष्टही याच साच्यातली आहे. पावासाठी चोरी करून पळणाऱ्या पोरावर रवी गोळी झाडतो. पोराची आई त्याला खडे बोल सुनावते. शिक्षक असलेला बाप तिला गप्प करून चोरी ती चोरीच, असा निवाडा देतो. भुकेचा प्रश्न तेथेच मिटतो आणि भावाला पकडण्याचा निर्धार घेऊन रवी बाहेर पडतो. सगळी कथा रवीच्या सत्कार समारंभाच्या चौकटीत, आईच्या आठवणीतून सांगितलेली आहे. शासनाच्या टाळ्यांनी सुरू झालेले बंड शासनाच्या टाळ्यांपाशीच संपते. टोळीपटाचा हा जुनाच करार आहे. अमेरिकेत १९३० च्या सुमारास हा प्रकार रुळला तेव्हापासून गुंडाने दोन तास प्रेक्षकांच्या वतीने मजा करावी आणि अखेरच्या रिळात मरून भरपाई द्यावी, असे ठरून गेले आहे. विजय आईच्या मांडीवर मरतो, देवळात. प्रेक्षक डोळे पुसतो. मालकाची गिरणी, खाण, बांधकाम पूर्ववत चालू राहते.

यावर उत्तर दिले जाते की कामगार वस्त्यांतले प्रेक्षकच तर हा चित्रपट डोक्यावर घेऊन नाचले. ते खरे आहे, आणि चळवळीने ते गांभीर्याने घ्यावे. त्या शिट्ट्यांतला संताप खोटा नव्हता. मे १९७४ मध्ये सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा संप सरकारने चिरडला होता. चित्रपटानंतर पाचच महिन्यांनी आणीबाणी आली आणि युनियनचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. संघटनेचा हात पिरगळला जात असताना एकट्याचा ठोसा मोहक वाटावा, यात नवल नाही. परंतु संताप असणे वेगळे आणि त्याला दिशा असणे वेगळे. ‘दीवार’ने संताप उचलला आणि दिशा पुसली.

पुढे मुंबईने या गोष्टीचा उत्तरार्ध प्रत्यक्षात पाहिला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली काही बेकार पोरे टोळ्यांत गेली. त्यांतल्या कोणी हमालांचा हप्ता बंद केला नाही. ते स्वतःच हप्ते गोळा करू लागले. आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत भररस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या त्या कोणा गिरणीमालकाला नव्हे, तर दत्ता सामंत यांना. पडद्यावरची बंदूक युनियनच्या अपयशातून जन्मली होती. रस्त्यावरची बंदूक युनियनच्या पुढाऱ्यावरच रोखली गेली.

म्हणून वस्तीत ‘दीवार’ दाखवला गेला तर कार्यकर्त्यांनी नाक मुरडून उठून जाऊ नये. शेवटपर्यंत बसावे, आणि दिवे लागल्यावर जमलेल्यांना दोनच प्रश्न विचारावेत: त्या मालकाचे पुढे काय झाले? आणि गोदामाचे दार आतून बंद झाले तेव्हा बाहेर इतके जण असूनही ते कोणी ढकलले का नाही?