कबुतरांचाच दोष!

वन्यजीवांची चित्रं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डॉक्टरांच्या वेटिंग रूममधलं कॅलेंडर, नाहीतर लॅपटॉपवरचा वॉलपेपर. पाणी पिणारा वाघ, मागे धुकं, आणि माणूस कुठेच नाही. वॉल्टन फोर्ड या अमेरिकन चित्रकाराची चित्रंही लांबून अशीच दिसतात. जवळ गेलं की कळतं, इथे काहीतरी गडबड आहे.

फोर्डचा जन्म १९६०चा. शैली त्याने उचलली ती जॉन जेम्स ऑडुबॉनची. 'बर्ड्‌स ऑफ अमेरिका'मधली (१८२७-३८) ऑडुबॉनची ४३५ चित्रं आजही पक्षीवेड्यांना भुरळ घालतात. पण हा गृहस्थ पक्षी आधी गोळी घालून मारायचा, तारांनी हव्या त्या पोझमध्ये बसवायचा आणि मग काढायचा. पदरी गुलामही होते. चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेलं हे सगळं फोर्ड त्याच देखण्या जलरंगांत परत आत आणतो. त्याच्या पुस्तकाचं नाव तर चक्क 'पंचतंत्र'! दाखवायचे प्राणी, बोलायचं माणसांबद्दल. ही युक्ती आपल्याला काही नवीन नाही.

त्याचं 'फॉलिंग बाऊ' (२००२) बघा. पॅसेंजर पिजन या कबुतरांनी लगडलेली एक अजस्र फांदी मोडून हवेतून खाली येतेय, आणि वर बसलेले पक्षी एकमेकांशी भांडण्यात गुंग. जणू काही नामशेष झाले ते स्वतःच्याच कर्माने!

खरं काय घडलं? १८१३ साली केंटकीत ऑडुबॉनने पाहिलेला यांचा थवा तीन दिवस डोक्यावरून जात होता. शिकारीने हे पक्षी संपतील असं त्याला वाटतच नव्हतं. पुढे तार आली, रेल्वे आली. थवा कुठे उतरलाय याची बातमी तारेने पसरायची आणि मारलेली कबुतरं रेल्वेने शहरांत जायची. १ सप्टेंबर १९१४ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची मादी, मार्था, मेली. थोडक्यात, अब्जावधी पक्षी संपवायला त्या काळचं उत्तम नेटवर्क कामी आलं.

आता कोणी म्हणेल, एवढंच सांगायचं तर लेख लिहावा की, चित्र कशाला? शिवाय ही प्रचंड महाग चित्रं शेवटी श्रीमंतांच्याच भिंतींवर लागणार. मुद्दा बरोबर आहे. पण लेख वाचताना आपण मनातल्या मनात प्रतिवाद तयार ठेवतो. सुंदर चित्रासमोर आपण बेसावध असतो, आणि फोर्ड आपल्याला नेमकं तिथेच गाठतो.

३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी घेरलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतून काढलेल्या फोटोंत फक्त वाघीण दिसत असेल. फोर्डने तोच प्रसंग रंगवला, तर फोटोबाहेर राहिलेले आपणही त्यात दिसू. असलं चित्र वॉलपेपर म्हणून लावायची आपली तयारी आहे का?