राष्ट्रपतींची बारा माणसे

८ मार्च २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सुधा मूर्ती यांना राज्यसभेवर नेमले. ज्या हुबळीत त्या अभियांत्रिकी शिकल्या, त्या हुबळी-धारवाडला आनंद व्हावा हे स्वाभाविकच होय. आठच दिवसांनी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, हेही मात्र विसरता येत नाही.

राज्यघटनेच्या ८०व्या कलमान्वये वाङ्मय, शास्त्र, कला व समाजसेवा यांतील विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या बारा व्यक्ती राष्ट्रपती नेमतात. प्रसिद्धीचा तेथे उल्लेख नाही. सही राष्ट्रपतींची, सल्ला मंत्रिमंडळाचा. म्हणूनच लोकप्रिय नावांचा मोह सत्ताधाऱ्यांना सुटत नाही, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. अमेरिकेत रोनाल्ड रेगन हे चित्रपटनट १९८० साली अध्यक्षपदी निवडून आले. पण त्यांना लोकांपुढे जाऊन मते मागावी लागली. आपल्या या बारा जणांना तीही तसदी नाही.

लतादीदींचे नाव घेताना लेखणी अडखळते. परंतु १९९९ ते २००५ या मुदतीत त्या सभागृहात क्वचितच दिसल्या. २०१२ साली नेमलेल्या सचिन तेंडुलकर व रेखा यांच्या गैरहजेरीविषयी तर २०१४ मध्ये सभागृहातच तक्रार झाली. त्यांच्या कीर्तीस त्याने बाध आला नाही. एखाद्या अबोल संशोधकाची जागा तेवढी अडली.

मूर्तीबाईंनी जुलै २०२४ मधील पहिल्याच भाषणात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा आग्रह धरला. ही सुरुवात चांगली झाली. मुदत सहा वर्षांची आहे, आणि हजेरीची नोंद राज्यसभेच्या दप्तरी राहते.