आधी तिचं गाव विचारा

शुगर निघाली की बाईच्या हाती आपण छापील आहारतक्ता देतो. सकाळी ओट्स, अकराला एक फळ, दुपारी दोन फुलके आणि सॅलड. मुंबईत असल्फ्याच्या किंवा मरोळच्या वस्तीतून सकाळी लवकर निघून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं हा तक्ता पाळायचा कसा? अकराला ती तिसऱ्या घरच्या मोरीत असते. पोटभर जेवण दुपारी तीनला, तोवर घरोघरी मिळालेला चहा. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण 40 ग्रॅम. ही साखर आपल्या नोंदीत येतच नाही, कारण ‘नाश्ता काय करता?’ या प्रश्नावर ती ‘काही नाही’ असं खरंच उत्तर देते.

इंडियन मायग्रेशन स्टडीत नागपूरसह चार शहरांतले कारखाना-कामगार, त्यांचे जोडीदार आणि गावी राहिलेली भावंडं यांची तुलना झाली. 2010 साली निष्कर्ष आले: गावाकडच्या पुरुषांत मधुमेह 6.2 टक्के, शहरात आलेल्यांत 14.3 टक्के. स्त्रियांचं चित्रही याच दिशेचं होतं. घरकाम करणाऱ्या बाईची अंगमेहनत मात्र शहरातही सुटलेली नाही. तिला ‘रोज अर्धा तास चाला’ एवढंच सांगून पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. तिचं ताट बघायला हवं.

जालना-बीडकडून आलेलीच्या ताटात ज्वारी होती. इथे रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी बहुतेकदा विकत घ्यावी लागते आणि भाकऱ्या थापायला वेळ उरत नाही. म्हणून पहिला प्रश्न गावाचा असावा. कोकणातली असेल तर कुळथाचं पिठलं आणि सुकट तिला शिकवावी लागत नाही. पूर्वांचलातलीला सत्तू ठाऊक आहे. मीठ-लिंबू घालून तो पाण्यात कालवायला दोन मिनिटं पुरतात. मराठवाड्यातलीनं रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घेऊन दुसऱ्या घरी जाण्याआधी खाल्ली, तरी रिकाम्या पोटी होणारे दोन चहा सुटतील. हे सगळं ओट्सपेक्षा स्वस्त आहे आणि तिचं स्वतःचं आहे.

तपासणीबद्दलही बोलायला हवं. बारीक अंगकाठीची बाई आपल्या नजरेतून निसटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला सडपातळ पण चरबी जास्त असलेली भारतीय शरीरं दाखवून दिली, त्याला दोन दशकं उलटली. तरी ओपीडीत वजनकाटा असतो आणि टेप नसते. कमरेचा घेर 80 सेंटिमीटरला पोचला की साखर तपासाच. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीए1सी खोटं वाढलेलं दिसू शकतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघूनच निदान करा.

पुढच्या अंकापासून आम्ही गाववार आहारतक्ते छापणार आहोत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत काम करणाऱ्या वाचकांनी आपापल्या रुग्णांचे डबे आमच्याकडे लिहून पाठवावेत: काय असतं, किती वाजता खाल्लं जातं आणि खर्च किती येतो.